साडेपाचशे ग्रॅमची कसरत

१६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून निघालेलं अलायन्स एअरचं एटीआर विमान बेलोऱ्याच्या १८५० मीटर लांबीच्या धावपट्टीवर उतरलं आणि अमरावती एकदाची प्रवासी विमानसेवेच्या नकाशावर आली. त्याच बेलोऱ्याला एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था व्हायची आहे. दरवर्षी १८० वैमानिक तयार करण्याची घोषणा २०२४ मध्येच झाली. तिकडे अकोल्याच्या शिवणीला धावपट्टी आहे ती १९४३ सालापासून, पण तिथून नियमित प्रवासी विमान काही उडत नाही. धावपट्टी लांबवण्याचा विषय मात्र दर निवडणुकीला न चुकता उड्डाण घेतो.

‘वऱ्हाडचं आभाळ’ असा विषय या अंकासाठी निघाल्यावर साहजिकच सगळ्यांना हीच विमानं आठवली. हा लेख त्यांच्यावर नाही. तो आहे हाताच्या पंज्यावर तोलता येणाऱ्या, फोमच्या, बॅटरीवर चालणाऱ्या विमानावर. वसतिगृहातल्या खोलीत, पलंगाखाली कॅरम बोर्डाशेजारी ठेवलेलं असतं ते. पंखाचा विस्तार ९० सेंटिमीटर आणि वजन साडेपाचशे ग्रॅम. हे विमान उलटं उडतं, एका कुशीवर उडतं, आणि चालवणाऱ्याचा हात तयार असेल तर शेपटी खाली, नाक वर अशा अवस्थेत हवेत जागच्या जागी उभं राहतं. बेलोऱ्याला उतरणाऱ्या एटीआरच्या कुठल्याही कॅप्टनला यातलं काहीही करायची परवानगी नाही.

अमरावतीला कसरतीचं अप्रूप नाही. १९१४ मध्ये सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिकडे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. मल्लखांबावरचा पोरगा एका पायाच्या अढीवर अंग तोलतो, तेव्हा त्याचा तोल स्थिर नसतो. तो क्षणाक्षणाला सावरत असतो. कसरतीचं मॉडेल विमान हवेत उभं राहतं ते याच हिशेबानं.

शहाणं विमान आणि खोडकर विमान

नवख्या माणसाला पहिलं मॉडेल दिलं जातं ते ट्रेनर. त्याचे पंख धडाच्या वर असतात, दोन्ही टोकांना किंचित वर उचललेले असतात आणि वरची बाजू फुगीर, खालची सपाट असते. अशा विमानाचं वैशिष्ट्य म्हणजे ते स्वतःचं स्वतः सावरतं. वाऱ्यानं कलंडलं, की रिमोटची दांडी सोडून द्यायची. ते आपसूक सरळ होतं.

कसरतीच्या विमानात हा शहाणपणा मुद्दाम काढून टाकलेला असतो. पंख धडाच्या मधोमध. पंखाचा छेद वर आणि खाली सारखाच, म्हणजे विमान उलटं झालं तरी पंखाला फरक पडत नाही. टोकं वर उचललेली नाहीत. पंख, शेपटी आणि मोटरची रेषा जवळजवळ समांतर. असं विमान डावीकडे कलवलं तर कललेलंच राहतं. सरळ करायचं तर चालवणाऱ्यानंच करायचं. ते आपणहून काही करत नाही, म्हणूनच जे सांगाल ते करतं.

त्याचे हलणारे भाग पाहिले की डोळे विस्फारतात. पंखाच्या मागच्या कडेला असलेले एलेरॉन, आडव्या शेपटीचं इलेव्हेटर आणि उभ्या शेपटीचं रडर हे साध्या विमानात अरुंद पट्ट्यांएवढे असतात. इथे शेपटीचा निम्म्याहून मोठा भाग हलतो, आणि तोही ४०-४५ अंशांपर्यंत. कारण हवेत उभं राहिलेल्या विमानाला पुढे जाण्याचा वेगच नसतो. पंख त्या वेळी निरुपयोगी. विमान लटकलेलं असतं नाकावरच्या पंख्याला, आणि शेपटीला वारा मिळतो तो फक्त त्या पंख्यानं मागे फेकलेला. तेवढ्या झोतात विमान वळवायचं तर शेपटी मोठीच हवी.

एका कुशीवर उडण्याची गंमत वेगळी. पंख उभे झाले की उचलण्याचं काम कुणी करायचं? ते धडाची सपाट बाजू करते. म्हणून फोमच्या कसरती विमानाचं धड बाजूनं पाहिलं तर माशासारखं उंच आणि वरून पाहिलं तर पातळ दिसतं. रडर दाबून नाक जरा वर धरायचं आणि धडालाच पंख करायचं.

या सगळ्याला एकच अट आहे. पंख्याचा ओढा विमानाच्या वजनापेक्षा जास्त हवा. नुसता जास्त नव्हे, चांगला सव्वा-दीडपट. इथून पुढची सगळी हकीकत ग्रॅमची आहे.

सोनाराचा काटा

अमरावती-अकोल्याकडे अभियांत्रिकीच्या पोरांची वानवा नाही. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ सालचं, बडनेऱ्याचं आणि शेगावचं १९८३ चं. त्यानंतर निघालेली वेगळीच. चेन्नईला भरणारी एसएईआयएसएसची एरो डिझाइन चॅलेंज किंवा मुंबई-नागपूरच्या तंत्रमहोत्सवांतल्या विमानस्पर्धा यांची नावं या वयात कानावर येतात आणि चार जण वर्गणी काढतात. त्याही आधीची वाट एनसीसीच्या हवाई विभागाची. नागपूरला २ महाराष्ट्र एअर स्क्वॉड्रन आहे आणि वायुसैनिक शिबिरांत एरोमॉडेलिंगच्या स्पर्धा असतात. पुण्याच्या सदानंद काळे यांच्यासारख्यांच्या जाहीर प्रात्यक्षिकांनीही महाराष्ट्रात अनेकांना हे वेड लावलं.

वर्गणीतून पहिल्यांदा येतो तो मोटर, तिचा वेग सांभाळणारी ईएससी आणि प्रोपेलर यांचा ठरलेला संच. २२१२ आकाराची, १००० केव्हीची ब्रशलेस मोटर भारतातल्या विद्यार्थ्यांची जणू राष्ट्रीय मोटर आहे. केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, तो आकडा. तीन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी ११.१ व्होल्टची, म्हणजे ओझं नसताना मिनिटाला ११,१०० फेरे. दहा इंची प्रोपेलर लावला की फेरे उतरतात आणि ओढा मिळतो सुमारे ८०० ग्रॅम.

मग हिशेब मांडायचा. मोटर आणि प्रोपेलर मिळून सत्तरेक ग्रॅम. बॅटरी १३०० मिलिअँपिअर-तासांची घेतली तर ११० च्या आसपास. ईएससी २५. एलेरॉनचे दोन आणि शेपटीचे दोन असे हे भाग हलवणारे चार छोटे सर्व्हो वायरींसकट ४०. रिसीव्हर १५. झाले २६०. साडेपाचशेत बसायचं तर पंख, धड, शेपटी, आतल्या काड्या, चाकं आणि डिंक या सगळ्यांना मिळून २९० ग्रॅम उरतात.

यासाठी सोनार वापरतात तसा खिशातला डिजिटल काटा टेबलावर लागतोच. काटा नसलेल्या खोलीत बनलेलं विमान पाहताक्षणी ओळखू येतं: प्रत्येक सांध्यावर ग्लू गनचा ओघळ आणि ‘मजबुतीसाठी’ अडकवलेली आणखी एक पट्टी. ग्लू गनची ११ मिलिमीटर जाडीची एक लांब काडी २० ग्रॅमच्या आसपास भरते. तीन काड्या जिरवल्या म्हणजे मोटरएवढं वजन नुसत्या डिंकाचं झालं. पडलं तर मोडू नये म्हणून जड केलेलं विमान जड असल्यामुळेच पडतं, हे पटायला एक-दोन विमानं खर्ची पडतात.

फोमचीही हीच गोष्ट. परदेशात या कामासाठी डेप्रॉन नावाचा हलका पातळ फोम वापरतात. इथे स्टेशनरीच्या किंवा फ्रेमवाल्याच्या दुकानात मिळतो तो दोन्ही बाजूंना कागद चिकटवलेला ५ मिलिमीटरचा फोम बोर्ड. दुकानदार त्यालाच कधी सनबोर्ड म्हणतो, पण पाट्या करायचा खरा सनबोर्ड पीव्हीसीचा आणि चांगला जड असतो. तो चुकून आणला तर विमान जमिनीवरच शोभतं. कागदवाल्या बोर्डाचाही एका बाजूचा कागद ओला करून सोलून काढला की बरंच वजन उतरतं. सोललेला फोम लिबलिबीत होतो, म्हणून कागद कुठे ठेवायचा आणि कुठे काढायचा हे ठरवण्यात बांधणाऱ्याची अक्कल दिसते. पंखाच्या मध्यभागी ठेवायचा, टोकांना आणि शेपटीला काढायचा. शेपटी तर जितकी हलकी होईल तितकी करायची, कारण मागे वाढलेल्या एका ग्रॅमला पुढे दोन-तीन ग्रॅम टाकून तोलावं लागतं.

एटीएम कार्ड आणि सायकलची तार

एलेरॉनचा सांधा करताना पाहावं. पोरगा पंखावर पट्टी ठेवून नव्या पात्यानं रेघ मारतो. पातं नवंच हवं. बोथट पातं फोम कापत नाही, उपसतं. वरचा कागद आणि फोम कापला जातो, खालचा कागद शाबूत राहतो. आता तो कापलेला भाग उलटा दुमडून फोमची कड ४५ अंशांत तिरपी तासतो, म्हणजे एलेरॉनला वर उठायला जागा होते. खालच्या कागदावर चिकटपट्टी. झाली बिजागरी. तिला वजन नाही, फट नाही. या फटीला महत्त्व आहे. पंख आणि एलेरॉन यांच्यात दोन मिलिमीटरची फट राहिली, तर हवा तिथून निसटते आणि दांडी हलवूनही विमान आळसावल्यासारखं वळतं.

एलेरॉनला धक्का देण्यासाठी त्यावर एक शिंगासारखा तुकडा उभा करावा लागतो, त्याला कंट्रोल हॉर्न म्हणतात. तो जुन्या एटीएम कार्डातून किंवा मागच्या वर्षीच्या ओळखपत्रातून कापला जातो. सर्व्होपासून हॉर्नपर्यंत जाणारी तार असते सायकलचा स्पोक. दोन मिलिमीटरचा स्पोक पंखातल्या आखूड अंतराला उत्तम. शेपटीपर्यंतच्या लांब अंतराला तो जडही होतो आणि ढकलताना वाकतोही. तिथे कार्बनची बारीक काडी आणि टोकांना तारेचे तुकडे. पंखाच्या पोटातली काडीही कार्बनचीच चांगली. ती मिळाली नाही तर बुरडाकडून तासून आणलेली बांबूची कामटी चालते. वजनाला थोडी जास्त, पण मोडण्याआधी वाकून इशारा देते.

डिंकाचं शास्त्र शिकताना प्रत्येकाचा एक तरी पंख विरघळतो. फेविक्विक थर्मोकोलवर टाकलं की खड्डा पडतो. रबरी सोल्यूशनचंही तेच. साधा पांढरा फेविकॉल फोमला काही करत नाही, पण कागद नसलेल्या फोमच्या दोन तुकड्यांमध्ये त्याला सुकायला वारा मिळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही सांधा ओलाच. म्हणून घाईला ग्लू गन आणि मोटरच्या बैठकीला दोन भागांचा एपॉक्सी. मोटर ग्लू गननं चिकटवू नये, हा नियम वऱ्हाडात तरी कायद्यासारखा पाळावा. त्याचं कारण उन्हाळ्याच्या भागात येईलच.

मोटर बसवताना ती सरळ बसवत नाहीत. समोरून मागे न पाहता चालकाच्या नजरेनं पाहिलं, तर ती दीड-दोन अंश उजवीकडे झुकवलेली असते. प्रोपेलर एका दिशेला गरगर फिरतो तेव्हा विमान उलट दिशेला पिळवटू पाहतं, आणि त्याच्या झोताचा भोवरा शेपटीला एका बाजूनं ढकलतो. नाक डावीकडे ओढलं जातं. मोटर उजवीकडे झुकवून ते फेडून टाकायचं. बैठकीखाली एका बाजूला वॉशर सारले, की काम होतं. हवेत उभं असताना मात्र त्या पिळाला कुणी अडवत नाही आणि विमान स्वतःभोवती डावीकडे हळूहळू फिरू लागतं. जाणकार त्याचीच कसरत करतात. तिला टॉर्क रोल म्हणतात.

तीन वायरी आणि एक आगपेटी

विजेवरचं रेडिओ-नियंत्रित मॉडेल जुनं आहे. इंग्लंडमध्ये कर्नल एच. जे. टॅपलिन यांनी ३० जून १९५७ रोजी ‘रेडिओ क्वीन’ हे मॉडेल सिल्व्हर-झिंक बॅटरीवर उडवून दाखवलं. पण त्यानंतर कित्येक दशकं कसरतीवर राज्य केलं मिथेनॉल, एरंडेल आणि नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणावर चालणाऱ्या ग्लो इंजिनांनी. त्यांचा आवाज, तेलकट धूर आणि थंडीतल्या सकाळी बोटं फोडून घेत इंजिन चालू करण्याचा कार्यक्रम जुन्या लोकांना अजून प्रिय आहे. ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर म्हणजे लायपो बॅटरी स्वस्त झाली आणि चित्र पालटलं. प्रत्येकी २ मीटरच्या लांबी-रुंदीत बसणाऱ्या जागतिक एफ३ए स्पर्धेच्या विमानांतही आता विजेचंच राज्य आहे.

मोटरला तीन वायरी असतात. कोणतीही कुठेही जोडा. उलटी फिरली तर तिन्हींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करायच्या. इतकं सोपं. कठीण आहे ते रिसीव्हरची वीज सांभाळणं. स्वस्त ईएससीतच ५ व्होल्ट काढून देणारी छोटी सोय असते, तिच्यावर रिसीव्हर आणि सर्व्हो चालतात. साध्या विमानात सर्व्हो निवांत असतात. कसरतीत चारही एकदम, पूर्ण टोकापर्यंत मारले जातात. त्यातला एक जरी अडकून कुरकुरत असेल, तर तो वीज ओढत राहतो, व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि रिसीव्हर बंद पडून पुन्हा चालू होतो. त्या एका सेकंदात विमान कुणाचंच नसतं. खाली पडलेल्या विमानापाशी जाऊन सगळं तपासलं, तर सगळं चालू असतं. मग दोष जातो ‘सिग्नल’ला. खरं दुखणं एटीएम कार्डाच्या हॉर्नला घासणारी तार असतं. म्हणून प्रत्येक तार सर्व्होपासून सोडवून बोटानं हलवून पाहायची: एलेरॉन आपल्या वजनानं खाली पडला पाहिजे.

लायपो बॅटरीला मात्र मान द्यावा लागतो. प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट, त्यापुढे एक पाऊलही नाही. उतरताना ३.५ च्या खाली नेऊ नये. ३ च्या खाली गेला तर सेल मेला. ठेवून द्यायची असेल तर ३.८ वर. तिन्ही सेल सारखे भरले जातात की नाही ते पाहणारा बॅलन्स चार्जरच वापरायचा. भोसकलेली किंवा जास्त भरलेली लायपो पेटते, आणि ती आग फुंकरीनं विझत नाही. चार्जिंग फरशीवर, मातीची कुंडी किंवा वाळूची बादली जवळ ठेवून, आणि माणूस जागा असताना. वसतिगृहात गादीवर रात्रभर चार्जिंग लावून झोपणाऱ्याला मित्रांनीच उठवलं पाहिजे.

१३०० ची बॅटरी किती वेळ चालते? ऐंशी टक्केच वापरायची म्हटलं तर १०४० मिलिअँपिअर-तास हाती. सरासरी १० अँपिअर ओढले तर सव्वासहा मिनिटं. विमान सारखं उभं लटकवत राहिलात तर चार. तेवढ्यासाठी आठवडाभर खोलीत फोमचा भुगा.

हा माल येतो बहुतेक कुरियरनं. ‘रोबू’ या नावानं सुटे भाग विकणारी पुण्याची मॅकफॉस कंपनी आता शेअर बाजारात आहे, यावरून या धंद्याचा आकार लक्षात यावा. लिथियम बॅटरीवर हवाई वाहतुकीचे निर्बंध असल्यामुळे ती रस्त्यानं येते. मोटर येऊन पडते, बॅटरी मागून. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. एका अर्थी सरकारनंच बांधा म्हणून सांगितलं आहे.

मे महिन्यातलं विमान

आता ऊन. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जाणं ही बातमी राहिलेली नाही. या उन्हाचे विमानावर होणारे परिणाम परदेशी मार्गदर्शिकांत सहसा सापडत नाहीत.

पहिला परिणाम डिंकावर. उन्हात ठेवलेल्या काळ्या रंगाच्या भागाला हात लावून बघा. त्यात मोटर स्वतः तापते. ग्लू गनचा डिंक मऊ पडतो, मोटर बैठकीवर सरकते आणि पूर्ण थ्रॉटल दिल्यावर निखळते. दहा इंची प्रोपेलर मिनिटाला ९००० फेरे घेत असेल, तर त्याचं टोक ताशी ४३० किलोमीटरच्या वेगानं जात असतं. त्याच्या वाटेत बोट असू नये.

दुसरा परिणाम डोळ्यांना न दिसणारा. तापलेली हवा विरळ होते. १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना ती जवळजवळ दहा टक्क्यांनी विरळ असते. अमरावती समुद्रसपाटीपासून ३४३ मीटरवर, म्हणजे आणखी चारेक टक्के. कागदावरचा ८०० ग्रॅमचा ओढा दुपारी ७०० ते सव्वासातशेवर येतो. ५५० ग्रॅमचं विमान तरीही हवेत उभं राहतं. ग्लू गनच्या काड्या जिरवून ७०० ग्रॅमचं केलेलं विमान डिसेंबरच्या सकाळी कसंबसं लटकत होतं. मे महिन्यात ते नाक वर करतं, थबकतं आणि शेपटीवर बसतं. मोटर खराब निघाली असं म्हणून पोरं दुकानदाराला शिव्या घालतात.

तिसरा बॅटरीवर. बंद कारमध्ये ठेवलेली लायपो फुगते. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, हे सगळ्यांना माहीत असतं आणि किंमत आठवून सगळे ती आणखी एकदा वापरतात.

म्हणून वऱ्हाडात उडवण्याचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तोही सकाळचा, वारा सुटण्याआधी. नेमक्या त्याच दिवसांत वावरं भरलेली असतात. वेचणीआधीची सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी चालू झालेली, पलीकडे तूर माणसाच्या डोक्याइतकी उंच. पऱ्हाटीत शिरलेलं पांढरं विमान शोधणं म्हणजे कापसात कापूस शोधणं. “पोट्टेहो, वावरात घुसू नोका, कपाशी मोडते,” असा आवाज धुऱ्यावरून येतोच, आणि तो रास्त असतो.  विमान आधी सापडतं ते वेचणाऱ्या बायांनाच. उपाय सोपा आहे: पंखाच्या खालच्या बाजूला भगवा किंवा लाल रंग मारला, तर शोधायलाही सोयीचं आणि हवेत विमान सुलटं आहे की उलटं हे कळायलाही. कसरतीत हा दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा. शंभर मीटरवर दोन्ही बाजू सारख्या दिसल्या, की हात उलटा पडतो.

उन्हाळ्यात वावरं मोकळी होतात, पण काळ्या मातीला भेगा पडतात. चाक भेगेत अडकतं, नाक आपटतं, प्रोपेलर मोडतो. नांगरून टाकलेल्या रानात ढेकळं. त्यामुळे अनुभवी माणूस चाकंच काढून टाकतो; तेवढे ग्रॅम वाचतात आणि विमान गवतावर पोटावर उतरवता येतं.

पहिलं उड्डाण

पहिल्या उड्डाणाला या मंडळींत ‘मेडन’ म्हणतात. त्याच्या आदल्या रात्री काही गोष्टी टेबलावरच उरकायच्या असतात.

गुरुत्वमध्य ऊर्फ सीजी. पंखाची रुंदी २५ सेंटिमीटर असेल, तर पुढच्या कडेपासून सात सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंना बोटं टेकवायची. विमान आडवं राहिलं पाहिजे. नाक जड असलं तर उडेल, पण कसरत करणार नाही. शेपटी जड असली तर कसरत करेल आणि पुढच्याच क्षणी कोसळेल. तोल बॅटरी पुढे-मागे सरकवून साधायचा, नाणी चिकटवून नव्हे.

मग प्रोपेलर काढून ठेवून दिशा तपासायच्या. दांडी उजवीकडे केली की उजवा एलेरॉन वर, डावा खाली. मागून उभं राहून बघायचं, पुढून नाही. जितकी मेडन विमानं पहिल्या पाच सेकंदांत पडतात, त्यांत उलट्या एलेरॉनचा वाटा मोठा असतो. विमान उजवीकडे कललं, माणूस डावीकडे सावरतो, ते आणखी कलतं आणि खेळ आटोपतो. आता बहुतेक ट्रान्समीटर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. पूर्वी प्रत्येकाचा क्रिस्टल वेगळा असायचा आणि एकाच चॅनेलवर दोघांनी रिमोट चालू केले तर एकाचं विमान जायचं. ती भांडणं संपली. पण संपर्क तुटला तर मोटर बंद व्हावी ही फेलसेफची सोय आजही हातानं लावावी लागते. तीही जमिनीवरच तपासायची: ट्रान्समीटर बंद केला, मोटर थांबली पाहिजे.

एक गोष्ट जी नवे लोक करत नाहीत: ४५ अंशांची हालचाल पहिल्या दिवशी वापरायची नसते. ट्रान्समीटरवर एका खटक्यावर १२-१५ अंश, दुसऱ्यावर पूर्ण, अशी सोय असते. पहिली चार-पाच उड्डाणं कमीवरच. संगणकावरच्या सिम्युलेटरवर महिनाभर घासलेल्या पोराचा हात इथे लगेच ओळखू येतो. फोम फुकट मोडायचा ती एकमेव जागा.

आणि उडवायचं कुठे, हा प्रश्न बेलोऱ्याच्या विमानतळानं बदलला आहे. ड्रोन नियम, २०२१ नुसार शिक्षण, संशोधन किंवा हौसेसाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेलं २५ किलोपर्यंतचं विमान ‘मॉडेल’ ठरतं, त्याला प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. साडेपाचशे ग्रॅमचं विमान ‘मायक्रो’ गटातलं; ते हौसेसाठी उडवायला वैमानिकाचा परवानाही लागत नाही. पण जागेचे नियम वजनानं सुटत नाहीत. सरकारी ड्रोन-नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या वलयात ती २०० फुटांवर येते, आणि ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय नाही. बडनेऱ्याच्या बाजूचं जे रान एप्रिल २०२५ पूर्वी मोकळं वाटत होतं, तिथे आता एटीआर उतरतं, आणि पुढे शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं दिवसभर घिरट्या घालतील. अकोल्यात शिवणीची धावपट्टी शहराला लागूनच आहे. या नियमांची खंत करण्यात अर्थ नाही. वर माणसं आहेत, खाली फोम आहे.

ज्यांना सुट्टीत सुरुवात करायची असेल त्यांनी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आपलं मैदान आधी शोधावं आणि नोंदणीचे त्या वेळचे नियम वाचावेत. पहिलं विमान कसरतीचं करू नये. वर पंख असलेलं, आळशी, सावरणारं ट्रेनर करावं, ते दोनदा मोडावं, दोनदा जोडावं, मग मोटर आणि सर्व्हो तेच काढून कसरतीच्या सांगाड्यात घालावेत. सामान सगळं पुन्हा वापरता येतं. फक्त काटा आधी घ्या, ग्लू गन नंतर.